निरोपाचा खाऊ

आईबरोबर कानाझावा बघायला जाणं म्हणजे कानाझावातली दुकानं बघायला जाणं, हे मला सत्ताविसाव्या वर्षी तरी कळायला हवं होतं.

ठरलं असं होतं, की तोयामाहून सकाळच्या गाडीनं जायचं, निवांत फिरायचं, बागेत बसायचं आणि बसल्यावर मी आईला सांगायचं, की मी नोकरी सोडली आहे. सोडून अठरा दिवस झाले होते. अठरा दिवस मी रोज टाय लावून घराबाहेर पडत होतो आणि वाचनालयात बसून पाणबुड्यांचा इतिहास वाचत होतो. तिसऱ्या खंडात होतो.

पण बागेत आई बसलीच नाही. बर्फानं मोडू नयेत म्हणून दोऱ्यांनी टांगलेल्या पाइनच्या फांद्यांकडे तिनं वर पाहिलं, "छान बांधलंय" म्हणाली आणि निघाली.

"चल. तुझ्या ऑफिससाठी खाऊ घ्यायचाय."

"अगं, आत्ताच तर आलो!"

"बाग कुठे पळून जात नाही. चांगले डबे दुपारपर्यंत संपतात."

यावर वाद घालता येत नाही. रजा घेऊन फिरायला गेलेला माणूस रिकाम्या हातानं कामावर परतला, तर आमच्याकडे त्याच्याशी कुणी भांडत नाही. फक्त तो निवृत्त होईपर्यंत लक्षात ठेवतात.

पहिल्या दुकानात तिनं विचारलं, "किती जण तुम्ही?"

"तेवीस."

"तुला धरून?"

मी जरा विचारात पडलो. "मला सोडून बावीस."

त्या डब्यात वीसच होते. दुसऱ्या दुकानात चोवीस होते, पण एकेकाला वेगळा कागद नव्हता. तिसऱ्या दुकानातला खाऊ रविवारपर्यंतच टिकणार होता.

"ओगावारा साहेबांना घेवड्याचं गोड सारण चालतं का रे?"

"मला काय माहीत?"

"सहा वर्षं त्यांच्या हाताखाली आहेस आणि एवढं माहीत नाही?"

सहा वर्षांत ओगावारा साहेब मला नावानं हाक मारायलाही शिकले नव्हते, पण हे सांगायला तिनं थांबायला तर हवं. मी तिला सोन्याचा वर्ख लावलेलं आईस्क्रीम घेऊन दिलं आणि बाकावर बसवलं. तोंड उघडलं. तेवढ्यात समोरच्या दुकानापुढे रांग लागली.

"रांग आहे म्हणजे चांगलं असणार," असं म्हणून आई उठली. वर्ख तिच्या नाकाला तसाच.

हे चौथं दुकान. डबा तीसचा, कागद वेगवेगळा, टिकणार महिनाभर. विक्रेत्या बाईंनी तो बांधायला घेतला आणि मला आणखी सहन होईना.

"आई, मी नोकरी सोडली."

बाईंचे हात घडीवरच थांबले. आई म्हणाली, "कधी?"

"अठरा दिवस झाले."

"निरोपाचा खाऊ काय दिलास?"

"आई, मी सांगतोय की नोकरी—"

"ऐकलं. खाऊ काय दिलास?"

"काही नाही. मी गेलोच नाही तिथे. एक कंपनी असते, ती आपल्या वतीनं फोन करून राजीनामा देते."

आईनं काउंटरला धरलं. "सहा वर्षं लोकांच्यात बसलास आणि एक बिस्कीटसुद्धा न ठेवता आलास?"

"चूक आहे पोराची," मागून एक आजोबा म्हणाले.

"निरोपाचा असेल तर डब्यावरची मजकुराची कागदी पट्टी वेगळी लागेल," विक्रेत्या बाई हळूच म्हणाल्या. "उशिराची माफीही त्यातच धरायची का?"

"धरायची," आई म्हणाली. "आणि काय रे, त्या फोन करणाऱ्या कंपनीत किती जण आहेत?"

"आई! मी तिथे जाणार नाही. ओगावारा साहेब दारासमोर बसतात. त्यांच्यासमोरून आत जायची माझी हिंमत नाही. म्हणून तर फोन करवला."

त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं डब्यांऐवजी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. रांगही थांबली.

"बरं," ती म्हणाली. "बसायचं नाही, चहा घ्यायचा नाही. डबा द्यायचा, वाकायचं, निघायचं. मी येते सोबत."

"मी सत्तावीस वर्षांचा आहे!"

"म्हणून तर डबा तू धरायचास. ऑफिस सहाला सुटतं ना? चल."

अडीचच्या गाडीनं आम्ही परत निघालो. चहाघरांची गल्ली राहिली, किल्ला राहिला, मासळीबाजार राहिला. आईनं डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि तिथे काय म्हणायचं ते माझ्याकडून म्हणून घेतलं.

"आपण सगळ्यांनी मला फार सांभाळून घेतलंत."

"पुटपुटू नकोस. पुन्हा. आणि उभा राहून."

तिसऱ्या वेळी मी नीट उभा राहिलो, मोठ्यानं म्हणालो आणि कमरेत वाकलो. पलीकडच्या रांगेतले एक अनोळखी गृहस्थ गडबडीनं उठले आणि मला म्हणाले, "छे छे, आम्ही काहीच केलं नाही."