छपराचं पाणी

सुहासिनीबाईंनी छत्रीच्या टोकाने शेजाऱ्यांच्या नव्या भिंतीतली ओली वीट टोचून पाहिली. नालीचं तोंड पक्कं बुजवलं होतं. भिंतीपलीकडे बाईंचा म्हशींचा गोठा, आणि तिथलं शेणपाणी आता आलं तिकडेच परत चाललं होतं.

"हे काय आहे, रत्नपालजी?"

"भिंत."

महूच्या लष्करी वर्कशॉपातून निवृत्त झालेले रत्नपाल विचारलं तेवढंच सांगत.

"माझ्या म्हशी घोट्यापर्यंत घाणीत उभ्या आहेत."

"माझी विहीर गळ्यापर्यंत आहे."

"आता पावसाला मी काय करू?"

"पावसाबद्दल तक्रार नाही. छपराचा पाइप तुम्ही शेणाच्या हौदात सोडलाय. चांगलं पाणी घाणीत घालता, हौद उतू जातो, आणि ते सगळं माझ्या विहिरीत."

हे खरं होतं. मागच्या स्वच्छता तपासणीत पालिकेच्या साहेबांना बाईंच्या अंगणात डबकं दिसलं होतं. तेव्हापासून बाईंनी दिसणारं सगळं पाणी झाकलेल्या हौदात नेलं. अंगण कोरडं, फोटो सुरेख. इंदूर स्वच्छतेत पहिलं. झाकलेल्या घाणीचे तिथे कोणी मार्क कापत नाही.

"उद्या टीम येतेय. गोठा सील झाला म्हणजे? तपासणी झाली की कापते पाइप. शेजारी आहोत, थोडं एडजस्ट करा ना."

"शेजारी आहात म्हणूनच भिंत. नाहीतर कोर्टात गेलो असतो."

बाईंनी पावसाकडे पाहिलं, मग गोठ्यावरच्या गड्याला फोन लावला.

"मोहन, छपराचा पाइप काप. हौदापासून तोड एकदम. अंगण भिजू दे. आणि हौद उपसायला टँकर बोलाव. हो, आत्ता."

"टँकर आला की भिंत फोडतो," रत्नपाल म्हणाले. "नालीत छपराचंच पाणी आलं पाहिजे."

पाऊस वाढला तसं तिघांना रत्नपालांच्या ओसरीवर थांबावं लागलं. तिघांतल्या तिसऱ्या म्हणजे धम्मदीना, रत्नपालांच्या पत्नी. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. पलीकडून पाइप कापल्याचा करकर आवाज आला. धम्मदीना आत गेल्या आणि स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन आल्या.

"घ्या."

सुहासिनीबाईंनी पेल्यात डोकावून पाहिलं.

"नको. मतलब, वाईट नका वाटून घेऊ. विहिरीचं पाणी आता..."

"विहिरीचं नाही. जारचं आहे. विहिरीचं आम्हीसुद्धा पीत नाही."

पेला दोघींच्या मध्ये राहिला. बाईंनी पदर सारखा केला.

"आज उपास आहे माझा."

"पाण्याचा?"

धम्मदीनांनी तो पेला सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत स्वतःच पिऊन टाकला.

रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला. रत्नपाल उठले, कोपऱ्यातली पहार आणली आणि सुहासिनीबाईंच्या पुढे धरली.

"भिंत तुम्हीच फोडा," ते म्हणाले. "पहार आम्ही हात लावलेली आहे. चालेल ना?"