कोठीची भिंत

बशीतल्या बिस्किटावर वेलीची नक्षी होती आणि त्या वेलीचं एक पान तुटलेलं... बेव्हर्ली त्या पानाकडेच बघत राहिली, कारण वर बघितलं असतं तर वकीलबाई मिस फेअरहर्स्ट तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या असत्या.

त्या तरीही म्हणाल्याच. "घटस्फोटात घरातही निम्मा वाटा मागितलाय तुमच्या मिस्टरांनी, मिसेस ओल्डरॉइड."

निम्मा! कीथचं पेन्शन, बँकेतली पुंजी निम्मी-निम्मी, हे ठीकच होतं. एकतीस वर्षं संसार केला आणि मग हा बाबा उठून लीड्सला निघून गेला. पण घर? स्किप्टनमधलं ते दगडी घर आईचं – आईनं माझ्या नावावर केलेलं, माझ्या एकटीच्या, अहो, मी जन्मले त्या घरात... 

"पण ते माझ्या आईचं आहे हो!"

"होतं. नवरा-बायको ज्या घरात राहिले ते आपलं कोर्ट सहसा दोघांचंच धरतं, आलेलं कुणाकडून का असेना. तुमचे मिस्टर तिथं पाहुण्यासारखेच राहिले, असं दाखवता आलं, तर थोडंफार भांडता येईल."

पाहुण्यासारखा! अगदी तस्साच राहायचा की मेला – आई जाऊन वर्ष झालं तरी खिळा ठोकायचा तर आधी विचारायचा, आईची खुर्ची रिकामी असताना स्टुलावर अंग चोरून चहा प्यायचा, 'तुझ्या आईला चाललं असतं का गं?' – आधी तिला हसू यायचं, मग राग यायला लागला, मग एक दिवस... नको. तो दिवस नको.

मिस फेअरहर्स्टनी कीथच्या जबाबाचं पान उलटलं आणि सपाट आवाजात वाचलं, "जून १९९८मधल्या एका मंगळवारी पत्नीनं माझ्या हातात हातोडा दिला, स्वयंपाकघरातली कोठीची विटांची भिंत पाडायला लावली आणि म्हणाली, घर तुझंच आहे, विचारत काय बसतोस."

बेव्हर्लीनं बशीवरून मान वर केली. त्याच्या लक्षात आहे? लग्नाचा वाढदिवस ज्याला एकदाही धड आठवला नाही, लेकीच्या वाढदिवसाला ज्याला दोनदा फोन करून सांगावं लागायचं, त्या कीथच्या? ती समजत होती की तो सगळं विसरून गेला, म्हणूनच तर इतक्या सहज जाऊ शकला... आणि त्यानं हे जपून ठेवलं होतं, शब्दन्‌शब्द, आणि आता काढलं तर कशासाठी, तर माझ्या आईचं घर विकायला! विटांची लाल धूळ, त्याच्या भुवयांवर, बटाट्यांवर, आईच्या खुर्चीवरसुद्धा. आणि ती स्वतः हसत होती, इतकी की पोट दुखलं होतं.

"तिथं तिसरं कुणी नव्हतं," मिस फेअरहर्स्ट म्हणाल्या. "घडलं होतं का असं? खरोखरच आठवत नसेल तर तसं लिहू."

आठवत नाही. एवढंच म्हणायचं होतं. घर कदाचित वाचलं असतं. तिनं ओठ ओले केले, शब्द जुळवले.

"मंगळवार कुठला! रविवार होता. चर्चच्या घंटा वाजत होत्या. या माणसाचं हे असंच, वार कधी बरोबर सांगेल तर शपथ... आणि रडला होता तो, विटांवर बसून. ते नाही का लिहिलंय?"

मिस फेअरहर्स्टनी पेन खाली ठेवलं. आपण काय बोलून बसलो ते बेव्हर्लीला कळलं. तरी ती त्या कागदाकडे मान लांबवून बघतच राहिली, त्याचं ते रडणं कुठं लिहिलंय का म्हणून.