रोलच्या डब्यातले खडू

मी पत्र्याचा एक जुना डबा आहे. तैवानमधल्या च्यायी गावात माझा जन्म झाला. अंगावर लाल फुले आणि झाकणावर अंड्याच्या गोड, बिस्किटासारख्या कुरकुरीत रोलचे चित्र. मित्रांनो, आमच्याकडे नववर्षाला असा डबा घेतल्याशिवाय कुणी कुणाच्या दारात पाऊल टाकत नाही. रोल दोन दिवसांत संपतात आणि डब्यात सुईदोरा जातो. माझ्या नशिबी मात्र रंगीत खडू आले.

मानसतज्ज्ञ लाई बाई मला लहान मुलांच्या विकास तपासणी केंद्रात घेऊन गेल्या. तिथे माझे काम एकच. बाई विचारत, "यात काय असेल?" मूल म्हणे, "रोल!" झाकण निघे, तर आत खडू. मग खरा प्रश्न येई. "बाहेर बसलेल्या तुझ्या आईने आत पाहिलेलं नाही. तिला विचारलं तर ती काय सांगेल?"

चार-पाच वर्षांची बहुतेक मुले "रोल!" म्हणून खिदळत. आई कशी फसणार याचीच त्यांना गंमत. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांपैकी बरीच जण मात्र शांतपणे "खडू" म्हणत. आपल्याला जे ठाऊक ते आईलाही ठाऊक, असे त्यांना वाटत असावे. अकरा वर्षे मी हे पाहिले. "या डब्याला मुलांच्या मनातलं कळतं," असे बाई कौतुकाने म्हणत आणि मी अभिमानाने फुगून जाई.

युन-आन पाच वर्षांची होती. ती स्वमग्न होती. नजरेला नजर देत नसे, नुसती माझ्या कडेवरून बोट फिरवत राही. तीही "खडू" म्हणाली. ते ऐकून तिची आई यो-हुई लेकीसमोरच ढसाढसा रडली. घराजवळच्या बालवाडीत जागा मिळणार की नाही हे यावरच ठरणार, असे तिने मनाशी धरले होते.

"पुन्हा परीक्षा घ्याल ना?" तिने विचारले.

"ताई, ही परीक्षा नाही हो. सहा महिन्यांनी या."

पण आमच्या गावातली पोरे शाळेतून थेट शिकवणीला जातात. घोकून येत नाही असेही काही असते, हे यो-हुईला कोण पटवणार? सहा महिन्यांनी युन-आनची आजीही सोबत आली आणि आल्या आल्या कुरकुरली, "माझ्याकडे अस्साच डबा होता, बाई. सुईदोरा पिशवीत गेला आणि डबा बसला रोज संध्याकाळी पोरीसोबत अभ्यासाला!"

बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत युन-आन म्हणाली, "रोल."

बाई हरखल्या. पण आजीचे बोलणे त्यांच्या कानात होते. त्यांनी चहाचा डबा पुढे केला आणि झाकण उघडून आतले शिंपले दाखवले. "आई काय सांगेल, यात काय आहे?"

"रोल."

"चहाच्या डब्यात रोल कसे गं?"

युन-आन माझ्या कडेवर बोट फिरवत म्हणाली, "रोल म्हटलं की आई रडत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवले. कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. त्यावर दोनच रकाने होते, बरोबर आणि चूक. तिला आईचे मन कळले होते, की हेही नुसते पाठांतर? मला कळले नाही. इतकी वर्षे उगाच फुगलो, याची मला फार लाज वाटली. "आई कशाने रडते, युन-आन?" बाईंनी विचारले. उत्तर येण्याआधीच दारावर पुढच्या मुलाची टकटक झाली आणि बाईंनी "चूक" लिहिले.

मित्रांनो, आता माझे झाकण सैल झाले आहे. मला सांभाळा असे मी म्हणत नाही. मुलाचे उत्तर चुकले, तर ते त्याने का दिले एवढे तरी विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. त्या दिवशी कुणालाच थांबायला वेळ नव्हता. बाईंनी बाहेर जाऊन यो-हुईला फक्त निकाल सांगितला. मग दाराआडून मला युन-आनचा आवाज ऐकू येत राहिला. "रोल. रोल. रोल." आणि तिची आई रडायची थांबत नव्हती.