मोगऱ्याचं पाणी तोडलं

सासूबाईंनी एकदा ठरवलं की ठरवलं. निवृत्त होईपर्यंत त्या शाळेत पीटीच्या बाई होत्या आणि घरात अजूनही शिट्टी त्यांच्याच तोंडात असते. त्या दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याला बजावलं, "येत्या उन्हाळ्यात मोगरा फुलला नाही, तर घाल परसात फरशी आणि लाव तुझी गाडी. पण तोवर झाडाला हात लावायचा नाही."

सासरे गेल्यापासून त्यांच्या त्या मोगऱ्याला एक कळी आली नव्हती. झाड मात्र बारा महिने हिरवंगार, खाऊनपिऊन सुखी. "त्यांना जमायचं आणि मला जमू नये?" सासूबाई नुसत्या पाल्याकडे बघून चरफडायच्या.

नर्सरीवाल्याने उपाय सांगितला होता. थंडीत पाणी तोडा, ताण द्या. पानं पिवळी पडून गळली की छाटणी, मग शेणखत आणि त्यानंतरच भरपूर पाणी. उपाशी राहिल्याशिवाय मोगऱ्याला फुलायचं सुचत नाही म्हणे.

सासूबाईंनी पाणी तोडलं. कित्येक आठवडे गेले तरी पान पिवळं पडेना. बुंध्याशी बोट खुपसलं, तर माती ओली!

संशय अर्थातच सुनेवर. "भांड्यांचं पाणी तिकडे ओततेस का गं?"

माझं डोकंच फिरलं. "आई, मला माझ्या कुंड्यांना पाणी घालायला वेळ नाही, तुमच्या झाडाचे लाड कधी करू?"

शेवटी चोर पकडायला आम्ही दोघी पहाटे स्वयंपाकघरात दबा धरून बसलो. मागचं दार हळूच उघडलं आणि पायजमा वर खोचून, बादली घेऊन आला कोण, तर माझा नवरा. फरशीसाठी वर्षभर डोकं खाणारा!

"काय रे हे?" सासूबाई गरजल्या.

मुद्देमालासकट सापडलेला तो खाली बघत म्हणाला, "बाबा दवाखान्यात म्हणाले होते, मोगऱ्याकडे लक्ष दे. तेव्हापासून रोज घालतोय. एक दिवस चुकवला नाही."

"मग फरशी कशाला हवी होती तुला?" मी विचारलं.

"माझ्या हातून नाही फुलत ते. रोज सकाळी बघवत नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला. सासूबाईंनी मात्र त्याच्या हातातली बादली काढून घेतली. "लक्ष दे म्हणाले होते, बुडव नव्हते म्हणाले. आता बघवलं नाही तरी बघायचं. रोज, माझ्याशेजारी बसून."

मग मायलेक रोज सकाळी मागच्या पायरीवर. पानं पिवळी पडली, गळायला लागली. नवऱ्याची नुसती चुळबुळ. एका सकाळी झाडाच्या काटक्या उरल्या तसा तो ताडकन उठला. "आई, मरेल गं ते!"

"मेलं तर माझ्या हातून मेलं. बस खाली."

तो बसला आणि ढसाढसा रडला. वडील गेले तेव्हाही रडला नव्हता. सासूबाई त्याचं मनगट धरून बसून राहिल्या. मी आत आले. पोळून निघाल्यासारखं वाटत होतं. फरशीवरून मी त्याला काय काय बोलले होते!

मग सासूबाईंनी मोठी कात्री घेतली आणि झाड गुडघ्याएवढं छाटलं. माती हलवली, खत घातलं, आणि बादली नवऱ्याच्या हातात दिली. "आता घाल. मनसोक्त घाल."

फुटवे आले. पुढे एका दुपारी त्यांच्या टोकांना कळ्या दिसल्या. नवऱ्याला कळवायला मी फोन उचलला, तर सासूबाईंनी तो काढून घेतला. "त्याचं त्याला दिसू दे."

संध्याकाळी तो कामावरून आला आणि बूट न काढताच परसात गेला. आम्ही दाराआड कान लावून उभ्या. मग अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "बाबा, आल्या हो."

सासूबाईंनी माझा हात धरून मला मागे ओढलं आणि दार लोटून घेतलं.