रविवारचा बाक

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. तुमची माझी मैत्री कधीच नव्हती. देवळाली कॅम्पच्या बाजारातून जाताना "वेड्यांचा बाक" म्हणून मला खडे मारणारी पोरं तुमच्याच वयाची होती. मोठी माणसं खडे मारत नसत, नुसती मान वळवून हसत.

केरू सुताराने मला आंब्याच्या फळ्यांतून घडवलं, ते मनीषाताईंसाठी. दोन हजार साली त्यांनी एक खोली भाड्याने घेतली. दर रविवारी माजी सैनिकांची आणि त्यांच्या घरच्यांची मनाची दुखणी ऐकायला त्या फुकट बसू लागल्या. बाई भली, पण व्यवहाराला कच्ची. मला ठेवलं ओट्यावर, भर रस्त्याकडे तोंड करून, आणि डोक्यावर 'मनाच्या दुखण्यांसाठी' अशी ही मोठी पाटी. माझ्यावर बसणं म्हणजे गावभर दवंडी पिटणं.

तरी एक माणूस दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसे. निवृत्त सुभेदार रावजी. आत कधी जात नसत. पेपर उघडून येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनावत, "फौजी माणसाला कसली आलीत मनाची दुखणी? नाटकं आहेत सगळी." मला त्यांचा मनस्वी राग यायचा.

दोन वर्षांनी भगूरहून छाया नवऱ्याला, भिमाजीला घेऊन आली. तो फौजेत सुभेदारांच्याच हाताखाली तोफेवर होता. फटाका वाजला की तो लेकीला, सृष्टीला उचलून खाटेखाली कोंबायचा. एका वरातीच्या वेळी त्या ओढाताणीत सृष्टीचा हात मोडला. आता गुण आला नाही तर पोरीला घेऊन येवल्याला माहेरी जायचं, असं छायाने ठरवलं होतं.

आणि भिमाजी बसेना. सुभेदारासमोर साधा शिपाई बसत नाही. मनीषाताईंनी आत बोलावलं तर म्हणाला, "साहेबांचं होऊ द्या आधी."

साहेब पेपरामागून म्हणाले, "मला काय धाड भरलीय?"

असे तीन रविवार गेले. भिमाजी ताठ उभा राहायचा आणि तसाच घरी जायचा.

चौथ्या रविवारी छाया कपड्यांची पिशवी भरून, सृष्टीला घेऊनच आली. अकराच्या एसटीने निघायचं होतं. ती थेट सुभेदारांपुढे उभी राहिली.

"साहेब, तुमाला काय झालं नाय ना? मग इथं कशापायी बसता? घरी खुर्ची नाय का?"

"तोंड सांभाळून बोल."

"लय सांभाळलं. तुमी आत गेल्याबिगर हे जायचे नाय. एक तर आत जा, नायतर घरी जा."

रस्त्यावर बघे जमले. एक गोष्ट मला मात्र दोन वर्षं ठाऊक होती. त्या पेपरामागे त्यांचे पाय थरथरायचे, इतके की माझी फळी हलायची. आणि रागापायी मीही त्यांना तुमच्यासारखाच हसलो होतो.

त्यांनी पेपरची घडी केली, टोपी सारखी केली आणि ते आत गेले. दार लागलं. भिमाजी पहिल्यांदाच माझ्या कडेला टेकला. छायाने पिशवी खाली ठेवली. अकराची एसटी निघून गेली.

आज माझा एक पाय मोडलाय, खाली विटा लावल्यात. मला रंग नको, पॉलिश नको. एवढंच करा, अशा बाकावर कुणी बसलेलं दिसलं तर का बसलाय म्हणून विचारू नका. जमलं तर शेजारी बसा. नाही जमलं, तर निदान खडे खाली टाका.