राक्षसाचा कौल

गोरख गुरुजी आठवडाभर दाभोशाच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी जव्हारच्या भाड्याच्या खोलीत टीव्हीवर गेम खेळायचे. चाळिशीला आलेला माणूस लेंगा-बनियनवर बसून बटणं बडवतोय, हे बघून त्यांची बायको जयवंती कपाळावर हात मारून घ्यायची. गेमच्या शेवटी तीन तोंडांचा एक राक्षस होता. तो मेला मरत नव्हता.

मग गुरुजींना काचबिंदू निघाला. नाशिकच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकते का बघू. परतीच्या एसटीत मोखाडा आला. तेव्हा गुरुजी एकदाच म्हणाले, "राक्षस तेवढा मारायचा राहिला."

जयवंतीने तिथेच मनातल्या मनात कौल लावला, देवाला लावतात तसा. राक्षस मेला तर उरलेली नजर राहील. हे तिने कुणाला सांगितलं नाही. विज्ञान शिकवणारा माणूस, पहिले तेच हसले असते.

तिने खेळायला घेतलं. भाकरी थापणारे हात, त्यांना बटणं कुठली दाद देतात? त्यात खेळ अर्धा सोडला की पुन्हा पहिल्यापासून, आणि अकराला लाईट जायची म्हणजे जायची. चार महिने ती दर रविवारी हरली. टीव्हीचा आवाज कधीच बसला होता, नुसतं चित्र दिसायचं. पण गुरुजी शेजारी बसून अचूक सांगायचे. "आता डावं तोंड उघडेल. वाक. आता उडी." एकदाही चूक नाही. त्यावरच जयवंतीचा जीव तग धरून होता. भातातला खडा दिसत नाही, दाराची चौकट लागते, असू दे. राक्षसाचं तोंड दिसतंय ना?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती दोन जीव शिल्लक ठेवून राक्षसापुढे पोचली. डावं तोंड गेलं, उजवं गेलं. "वाक. उडी. मार आता," गुरुजी सांगत होते आणि ती मारत होती. मधलं तोंड फुटलं, पडदाभर लाल-पिवळं झालं आणि हिरव्या डोंगरावर तिचा तो इवलासा शूरवीर हात वर करून उभा राहिला. जयवंतीचे डोळे भरून आले. देवाने ऐकलं, असं तिला चार महिन्यांत पहिल्यांदा वाटलं. ती हसत नवऱ्याकडे वळली.

गुरुजी पुढे झुकून पडद्याकडेच बघत होते.

"आता डावं तोंड उघडेल," ते म्हणाले. "वाक."

जयवंतीला आधी कळेना. पडद्यावर डोंगर होता, फुलं होती.

"उडी मार. अगं, लक्ष कुठंय तुझं? जाळील तो."

मग तिला कळलं. गुरुजींना सगळं पाठ होतं. इतके रविवार बटणांच्या आवाजावर ते पाठच म्हणत होते. कधीपासून दिसत नाही, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही. त्यांना ऐकू जावं म्हणून ती पुन्हा बटणं दाबायला लागली.

थोड्या वेळाने गुरुजींनी दबकत विचारलं, "मेला का गं?"

"नाही," जयवंती म्हणाली. "तुम्ही सांगा, पुढं काय करू?"