कोलोनेलची बढती

गुरुवारी निमेलांच्या घरी वाटाण्याचं सूप असायचं, आणि सुपाबरोबर पुस्तकं. प्रत्येकाने आपलं पुस्तक टेबलावर उभं करायचं, पानं मिटू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे आणि वाडगं रिकामं होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. हसू आलं तर हसायची मुभा होती. "काय झालं?" असं विचारायची नव्हती!

नियम अर्थात बाबांचा. आर्व्हो निमेला बर्फ सारायचा ट्रक चालवायचे आणि उरलेल्या वेळात वाचायचे. आई म्हणायची, "उलटं आहे ते. वाचून वेळ उरला तर ट्रक चालवतो." घरात वेळसुद्धा पानांत मोजायची पद्धत होती. जेवायला हाक मारली की बाबा म्हणणार, "आलोच, दोन पानं." बाबांची दोन पानं म्हणजे बटाटे गार!

त्या गुरुवारी मात्र एल्सीने एकही पान उलटलं नव्हतं.

सकाळी शाळेत तिने अख्ख्या वर्गासमोर भाषण केलं होतं. गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही जिचा आवाज पहिल्या बाकापलीकडे पोचायचा नाही, ती एल्सी यंदा आपणहून हात वर करायला लागली होती. गावच्या एका जुन्या लढवय्याची हकिगत सांगताना ती अशी काही रंगात आली की विचारू नका. आणि ऐन रंगात म्हणाली, "तेवढ्यात कोलोनेल गरजले..."

"कोण गरजले?" मागून ब्रिटाने विचारलं.

"कोलोनेल!"

वर्ग खो खो हसत सुटला. शेवटी सरांनीच सांगितलं की बाई गं, ते कर्नल. स्पेलिंगमध्ये 'र' औषधालाही नाही, तरी कर्नल.

एल्सीला वाईट वाटलं, पण डबा उघडेपर्यंतच. खरी धास्ती पुढे होती. तो शब्द तिने उचलला होता बाबांकडून. आणि उद्या संध्याकाळी बाबा वाचनालयात लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवणार होते, आयुष्यात पहिल्यांदाच! चारचौघांत दोन वाक्यं बोलायची तरी कानाच्या पाळ्या लाल होणारा माणूस. वाचनालयाच्या पेर्लाबाईंनी गळ घातली म्हणून कसाबसा तयार झाला होता. आणि गोष्ट कुणाची, तर एका म्हाताऱ्या कर्नलची आणि त्याच्या हट्टी बोकडाची. ओळीओळीला कर्नल! शिवाय ब्रिटा तिच्या धाकट्या बहिणीला घेऊन येणार होती.

भांडी विसळताना एल्सीने आईला गाठलं. "आई, बाबा कोलोनेल म्हणतात, तुला माहितीये?"

"पहिल्यांदा कॉफी प्यायला गेलो ना आम्ही, तेव्हापासून."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार? म्हटलं, हा शब्द ह्याला कुणी दिलेला नाही, ह्याने एकट्याने वाचून कमावलाय. जीभच रेटेना माझी. आता इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडाने सांगू?"

"म्हणजे मीच सांगायचं!"

"तूच शिकलीयेस ना हात वर करायला?" आईने ओल्या हाताने तिच्या नाकावर टिचकी मारली.

बाबा खिडकीशी बसून पुटपुटत सराव करत होते.

"बाबा, एक सांगायचंय."

"दोन पानं."

"नाही बाबा, आत्ता."

ह्या घरात असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. बाबांनी चक्क पुस्तक खाली ठेवलं. एल्सीने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"पण कर्नल मला ठाऊक आहेत की," बाबा म्हणाले. "बातम्यांत असतात ते. कोलोनेल वेगळे. कोलोनेल म्हणजे कर्नलच्या एक पायरी वर."

एल्सी किंचाळलीच. "मलाही अगदी तसंच वाटायचं!"

दोघं पोट धरून हसले. मग बाबांचं हसू हळूहळू ओसरलं आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "राहू दे एल्सी. पेर्लाबाईंना कळव, दुसरं कुणीतरी बघा म्हणावं."

"बाबा, माझ्यावर अख्खा वर्ग हसला. मी आहे की जिवंत! माझ्याकडचे सगळे शब्द आपल्या ह्या सुपाच्या टेबलावरचेच आहेत. एवढ्या ढिगातला एक वाकडा निघाला तर काय बिघडलं?"

बाबांनी पुन्हा पुस्तक उचललं आणि तोंड त्यात खुपसलं. पण पेर्लाबाईंना फोन गेला नाही.

शुक्रवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून वाचनालयात मुलांसमोर बसले; एल्सी आणि आई मागच्या रांगेत. कानाच्या पाळ्या आधीच लाल झाल्या होत्या. "एक होते को..." आणि गाडी तिथेच रुतली. ब्रिटाने मान वर केली. बाबांनी घाबरून एल्सीकडे पाहिलं.

एल्सीने हात वर केला, अगदी वर्गात करतात तसा. "बाबा, आपल्या घरी त्यांना काय म्हणतात, ते सांगा ना!"

बाबांनी घसा खाकरला. मग पुस्तक फिरवून तो शब्द मुलांना दाखवला, आणि कोलोनेलना आपण परस्पर कशी बढती देऊन टाकली होती तेही सांगितलं. मुलं खिदळली. ब्रिटाची बहीण पुढे सरकून म्हणाली, "मग बोकड कुणाचं ऐकतो? कर्नलचं की कोलोनेलचं?"

बाबांनी जरा विचार केला. "कोलोनेलचं. बोकडाला हुद्दा कळतो."

झालं! पुढे बोकड अडून बसला की मुलं एका सुरात ओरडायची, "कोलोनेल!" आणि सगळ्यांत मोठा आवाज होता ब्रिटाचा. हसत होती तीही, पण कालच्यासारखं नाही. बाबांच्या कानांचा लाल रंग कधी उतरला, हे एल्सीलाही कळलं नाही.

घरी जाताना बाबांनी ट्रक सुरू केला आणि काचेवरचा बर्फ वितळायची वाट बघत बसले. आईने मांडीवरच्या थर्मासमधून कॉफी ओतून त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय बाबा?"

"तुला एक सांगायचं होतं गं. तुलाही, लोर्ना." कानाच्या पाळ्या पुन्हा लाल. "थांबा जरा. दोन पानं."

बाबांची दोन पानं म्हणजे किती, हे दोघींनाही ठाऊक होतं. आईने एल्सीचा हात हातात घेतला, आणि दोघी निवांत बसून राहिल्या.